चरनोईची फाइल

खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीत, ‘चरनोई’ (गावचं चराऊ रान) आणि जागेवर सोयाबीन, हे इंदूरच्या कुठल्याही बाजूला तासभर गाडी हाकली की दिसतं. मी पशुवैद्यक. सरकारी नोकरीची सगळी वर्षं याच गावांमधून लस टोचत, अडलेल्या गाई सोडवत काढली. निवृत्त झाल्यावर त्यातल्या एका गावच्या चरनोईसाठी कागद गोळा करायला लागलो, आणि ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत जाऊन पुन्हा तहसिलीत आलं. गावाचं नाव लिहीत नाही. एक तर प्रकरणाचं शेपूट अजून बाकी आहे, आणि दुसरं, ज्यांच्याविरुद्ध उभा राहिलो त्यांच्या ओसरीवर मी वर्षानुवर्षं चहा प्यायलो आहे.

थोडं मागचं सांगायला हवं. मालव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पुष्कळशी मोकळी असायची. ओल धरून ठेवायची आणि रब्बीला गहू-हरभरा घ्यायचा. त्या मोकळ्या रानात गुरं चार महिने चरत. १९७० नंतर सोयाबीन पसरलं आणि खरिपात वीतभर जमीन रिकामी राहीना. (सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इंदुरातच आहे, ती काही उगाच नाही.) शेतकऱ्याच्या हातात त्यामुळे पैसा आला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गुरं सगळी चरनोईवर ढकलली गेली, आणि त्यांच्या मागोमाग नांगरही तिथेच पोचला. दवाखान्यात मला त्याचा शेवट दिसायचा. चांगलं गवत असताना गाय घाणेरीला तोंड लावत नाही. भुकेपोटी खाल्ली की यकृत बिघडतं, मग तिला ऊन सोसत नाही, नाकपुड्यांची आणि आचळांची कातडी पापुद्र्यांनी सुटायला लागते. अशा गाईला औषध द्यायचं, सावलीत बांधायला सांगायचं आणि चार दिवसांनी ती पुन्हा त्याच रानात गेलेली बघायची.

या गावात सगळ्यात मोठा कळप एका गायरी (मेंढपाळ जातीच्या) म्हाताऱ्याचा. मेंढ्या, आणि थोड्या गाई. चरनोईचा बराचसा भाग गावातल्या एका बड्या शेतकऱ्याने हळूहळू नांगराखाली घेतला होता, ते सगळ्यांनी गिळलं होतं. एका उन्हाळ्यात त्याने तलावाकडे जाणारा पट्टाही नांगरला. म्हातारा माझ्या घरी आला. “अब ढोर पाणी पे कां से जायगा, डाक्टर साब?” एवढंच विचारलं. गाऱ्हाणं मोठं करून सांगायची त्याला सवय नाही.

माझ्या मित्राची मुलगी खंडपीठात वकिली करते. तिच्याकडे जाऊन मी घाणेरी, यकृत, कातडी असं सगळं सांगायला बसलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, गाईची कातडी नंतर. खसरा नंबर काय आहे?”

नंबर मला ठाऊक नव्हता. तिथून सुरुवात झाली.

मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता १९५९ची. तिच्या कलम २३७ खाली जिल्हाधिकारी गावातली पडीक सरकारी जमीन निस्तारासाठी, म्हणजे गावाच्या सामायिक गरजांसाठी, बाजूला काढून ठेवतो: लाकूडफाटा, चराई, गवताचं राखीव रान (बीड), स्मशान, खळं, खताचे खड्डे वगैरे. चराई आणि चाऱ्यासाठी गावच्या एकूण शेतजमिनीच्या किमान २ टक्के राखून मगच बाकीचा भाग दुसऱ्या कामाकडे वळवता येतो, आणि तो वळवायचा तर जिल्हाधिकाऱ्याचा आदेश लागतो. अतिक्रमण हटवायचं कलम २४८, अधिकार तहसीलदाराचा. कायदा एवढाच. बाकी सगळा खेळ कागदाचा.

खसरा, बी-वन (खातेउतारा) आणि नकाशा हल्ली संगणकावर मिळतात, त्याचं काही कौतुक सांगण्यासारखं नाही. कामाचा निघाला तो खसऱ्यातला कैफियतीचा, म्हणजे शेऱ्याचा, खाना. गिरदावरी, म्हणजे उभ्या पिकांची पाहणी, करताना पटवारी (आपला तलाठी) तिथे लिहून ठेवतो की या सरकारी नंबरावर अमक्याने एवढा कब्जा करून अमुक पीक घेतलं आहे. आमच्या नंबरावर एका जुन्या वर्षी असं नाव लिहिलेलं होतं. पुढच्या वर्षांत खाना कोरा. जमीन तीच, पीक तेच, नाव मात्र गेलं. १० रुपये फी भरून माहिती अधिकाराखाली मधल्या सगळ्या वर्षांची गिरदावरी मागवली, आणि ते कोरे खाने एकाखाली एक लावल्यावर वकीलबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. कुणी कोरे ठेवले, का ठेवले, यात आम्ही शिरलो नाही. तिचं म्हणणं असं की माणसावर बोट ठेवलं की माणसं एक होतात, कागदावर ठेवलं की कागदाला भाऊबंद नसतात.

जुने कागद अभिलेखागारात. बंदोबस्ताची मिसल (जमीन-मोजणीच्या वेळची जुनी फाइल), निस्तार पत्रक (सामायिक जमीन कशी वापरायची याची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज, तिघांच्या प्रमाणित नकला काढायच्या. लाल कापडात बांधलेले बस्ते, गाठ सोडली की धूळ नाकात. तिथला बाबू मोठा जाणकार निघाला. मी ‘चराईचे जुने हक्क’ असं काहीतरी पुटपुटत होतो, तर तो म्हणाला, “साहब, वाजिब-उल-अर्ज निकलवाओ, बाकी सब छोड़ो.” आणि खरंच, कलम २४२ खालच्या त्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रीतिरिवाजांच्या नोंदीत, गुरांचा तलावावर जायचा रस्ता लिहिलेला होता. कुठल्या नंबराच्या कडेने जातो, तेसुद्धा. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होतं. म्हाताऱ्याने जे तोंडाने सांगितलं ते सरकारच्या दप्तरात शिक्क्यासकट पडून होतं. ती नक्कल हातात घेऊन मी बाहेरच्या टपरीवर बसलो आणि दोन कप चहा प्यायलो. साखरेची मनाई आहे तरी.

मग सीमांकन, म्हणजे हद्दीची मोजणी, कलम १२९. पावसात काळी माती पायाला किलोभर चिकटते, तेव्हा हे काम होत नाही, पीक निघाल्यावरच. शेजारच्या खातेदारांना नोटिसा जातात. राजस्व निरीक्षक, पटवारी, कोटवार (गावचा चौकीदार) आणि निम्मं गाव असा ताफा निघतो. मोजणीला आधार लागतो चांद्याचा. चांदा म्हणजे गावांच्या शिवा मिळतात तिथे रोवलेला दगड. आमचा चांदा सापडेना. एकजण म्हणाला पुरात वाहून गेला (तिथे नदी नाही), दुसरा म्हणाला कधी नव्हताच. शेवटी म्हाताऱ्याच्या नातवाने घाणेरीच्या जाळीत कुऱ्हाड घातली, तेव्हा आत दगड उभा, डोक्यावरची खूण शाबूत. त्या पोराला मेंढ्या राखताना तो दगड बसायला उपयोगी पडायचा. पंचनाम्यावर सह्या करायला मात्र निम्म्या गावातले मोजकेच पुढे आले.

मोजणीत जे निघालं त्याने प्रकरण सोपं झालं नाही, उलट अवघड झालं. चरनोईवर एकटा बडा शेतकरी नव्हता. एका टोकाला काही भूमिहीन कुटुंबांची शेतं होती. दिग्विजयसिंह यांच्या कारकिर्दीत चरनोईचा काही हिस्सा भूमिहीन दलित-आदिवासींना पट्ट्याने, म्हणजे जमीन कसायला दिल्याच्या सरकारी कागदाने, दिला गेला, त्यातले हे पट्टे. काहींचे कागद होते, काहींचे हरवले होते, आणि काहींना पट्टा एका जागेचा मिळाला पण ताबा भलत्याच जागेचा, कारण मूळ जागेवर आधीच कुणीतरी नांगर धरून उभा. आमच्या अर्जावर तहसिलीतून पहिल्या नोटिसा निघाल्या त्या यांना. बड्याला नाही.

मला याचा संताप आला आणि गावातल्या काही गोपालकांना आनंद. ‘सगळेच हटले पाहिजेत’ असं ते म्हणायला लागले. इथे मी अडून बसलो. सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११चा जगपालसिंह विरुद्ध पंजाब सरकार हा निकाल सामायिक जमिनींच्या प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतो. पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर गावचा तलाव बुजवून बांधलेल्या घरांवरून ते प्रकरण निघालं, आणि न्यायालयाने देशातल्या सगळ्या राज्यांना गावकीच्या जमिनींवरचे बेकायदा कब्जे हटवायच्या योजना करायला सांगितलं. लोक निकाल एवढाच सांगतात. त्याच निकालात पुढे लिहिलं आहे की अपवाद म्हणून नियमित करायचं तर कुठे करावं: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने पट्टा दिला असेल तिथे, किंवा जमिनीवर आधीच शाळा, दवाखाना असेल तिथे. वकीलबाईने तो परिच्छेद अर्जाला जोडला आणि आम्ही पट्टेदारांची शेतं मागणीतून स्पष्ट वगळली. काही गोपालक नाराज झाले, एक-दोघांनी साथ सोडली. सोडू दे. गुरांच्या नावाखाली गरिबाला उठवायचं आणि मोठ्याला हात लावायचा नाही, यासाठी मी बस्त्यांची धूळ खाल्ली नव्हती.

पायऱ्या सगळ्या चढाव्या लागतात, नाहीतर न्यायालय विचारतं की तुम्ही आधी कुणाकडे गेलात. जिल्हाधिकारी कचेरीतल्या मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज दिला. मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ वर तक्रार नोंदवली. ती एल-वन, एल-टू करत वर जाते आणि प्रत्येक पायरीवर फोन येतो की समाधान झालं का. तहसीलदाराकडे लेखी निवेदन, पोच घेऊन. तारखा पडत राहिल्या, तेव्हा अनुच्छेद २२६ खाली जनहित याचिका लावली.

याचिका म्हटल्यावर लोकांना मोठं वाक्‌युद्ध वाटतं. आमच्या तयारीतला बराचसा वेळ मी कोण, मला यात काय मिळणार, माझी त्या गावात जमीन आहे का, याचं शपथपत्र नीट करण्यात गेला. २०१०च्या बलवंतसिंह चौफाल निकालापासून न्यायालयं जनहित याचिका लावणाऱ्याची पत आणि हेतू आधी तपासतात, आणि ते बरोबरच आहे; शेजाऱ्याचा काटा काढायला जनहिताचा आधार घेणारे कमी नाहीत. सुनावणी आटोपशीर झाली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२१ मध्येच प्रत्येक जिल्ह्यात सार्वजनिक भूमी संरक्षण कक्ष नेमायला सांगितलं आहे, तसाच आदेश राजस्थानात २०१९ मध्ये झाला होता. गावोगावच्या अतिक्रमणांची छाननी उच्च न्यायालयाने दरवेळी करत बसू नये, यासाठी ही सोय. आम्हालाही तिकडेच पाठवलं: सगळी कागदपत्रं कक्षापुढे ठेवा, कक्षाने दोन्ही बाजू ऐकून सकारण आदेश द्यावा.

मी जरा हिरमुसलो. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना वकीलबाई म्हणाली, “काका, ‘सकारण’ हा शब्द बघा. आता त्यांना कारण लिहावं लागेल. इतकी वर्षं कुणी लिहिलं होतं का?”

कक्षाकडून प्रकरण तहसिलीत आलं आणि अ-६८ मध्ये नोंदलं गेलं. राजस्व दप्तरात अतिक्रमणाच्या प्रकरणांचं ते शीर्षक. बड्या शेतकऱ्याचा वकील हुशार होता. त्याचा मुद्दा असा की गावात २ टक्क्यांहून जास्त चरनोई आजही शिल्लक आहे, तेव्हा गावाचं नुकसान काय? उत्तर कायद्यातच होतं. २ टक्के ही खालची मर्यादा, आणि त्यावरची जमीन वळवतो जिल्हाधिकारी, लेखी आदेशाने आणि सार्वजनिक कामासाठी. तसा आदेश दाखवा म्हटल्यावर तो दाखवता आला नाही. पीक निघेपर्यंत मुदत मिळाली (मुदतीत ताबा सोडला नाही तर उभं पीकही सरकारजमा होऊ शकतं), दंड झाला, आणि काढणीनंतर पोकलेनने बांध मोडून तलावाचा रस्ता मोकळा केला. त्या दिवशी तो शेतकरी मला म्हणाला, “डाक्टर साब, आपसे ये उम्मीद नहीं थी.” मी काही बोललो नाही. त्याच्या म्हशीचं अडलेलं रेडकू मी रात्री दोन वाजता जाऊन काढलं होतं, ते दोघांनाही आठवत असणार.

बातमी छापून आली, हार घातले गेले. आणि पुढच्या पावसाळ्यात त्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर काय उगवलं? गाजरगवत आणि पुवाडिया, म्हणजे आपला तरोटा. दोन्हींना गुरं तोंड लावत नाहीत. वर्षानुवर्षं नांगरलेल्या आणि तणनाशक पडलेल्या जमिनीत मारवेल, पवन्या या चाऱ्याच्या गवतांची मुळं कुठून असणार? मधल्या भागात, जिथे नांगर गेलाच नव्हता पण गुरांचा भार सगळा पडला होता, तिथे कुसळ हे गवत माजलं होतं. कुसळ कोवळी असेतो गुरं खातात. बी धरलं की तिची टोकदार कुसं मेंढीच्या लोकरीतून थेट कातडीत घुसतात. मालव्याचं अस्सल कुरण पवन्या-मारवेलीचं. अतिचराईने ते उतरत जातं, आधी कुसळ माजते, मग एकहंगामी बारीक गवतं, शेवटी उघडी माती. बांधावर चालत नुसतं पायाखाली बघितलं तरी जमीन कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. खसऱ्यात मात्र हे सगळं एकाच शब्दात बसतं, आणि उघड्या मातीलाही तोच शब्द.

अमेरिकेतली एक गोष्ट वकीलबाईनेच वाचून सांगितली. तिथे सरकारी कुरणं सांभाळणाऱ्या भू-व्यवस्थापन ब्युरोने १९९५ मध्ये कुरणाच्या आरोग्याची तत्त्वं नियमांतच घातली: पाणलोटाची स्थिती, माती-पाणी-गवताचं चक्र, पाण्याचा दर्जा, वन्य जीवांचा अधिवास. चराईचा परवाना या कसोट्यांना उतरत नसेल तर लोक तो घेऊन न्यायालयात जातात. आमच्याकडे न्यायालयात जायचं ते ‘कब्जा कुणाचा’ एवढ्यावर. गवत आहे का, हे कुणी कुणाला विचारायचं?

तिने संहिता पुन्हा उघडली आणि कलम २३४, २३५ काढून दाखवलं. निस्तार पत्रकात चराईच्या अटी लिहायच्या असतात, असं कायदा स्पष्ट म्हणतो. ग्रामपंचायतीने मागणी केली तर जिल्हाधिकारी चौकशी करून त्यातली नोंद बदलू शकतो. आमच्या गावच्या निस्तार पत्रकात चराईपुढे एक ओळ होती, जुनी, ‘गावच्या गुरांना मुक्त चराई’. तिथे पावसाळ्यातली बंदी लिहिता येते, पाळी लिहिता येते. म्हणजे जागा आहे. अतिक्रमण हटवायला जेवढं बळ लावलं, त्याच्या चौथाईही कुणी या ओळीवर लावत नाही, आणि माझं मत असं झालं आहे की चरनोईची लढाई या ओळीवर लढली पाहिजे.

ग्रामसभेत मी प्रस्ताव मांडला: आषाढ ते आश्विन चरनोई बंद, गाजरगवत फुलायच्या आत उपटणं, मारवेलीची ठोंबं लावणं, दिवाळीनंतर कापून चारा वाटणं. झाशीला १९६२ पासून भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था आहे, तिथली शिफारस सोबत जोडली होती. टाळ्या पडल्या. मग मागून गायरी म्हातारा उठला. “और म्हारी मेंढ्यां चार महीना कां जायगी?”

ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तोच विरोधात. आणि त्याचं चुकीचं होतं असंही नाही. गाई-म्हशींना गोठ्यात सोयाबीनचा भुसा घालता येतो, मेंढीला नाही परवडत. पट्टेदारांच्याही शेळ्या होत्या, तेही त्याच्या बाजूने उभे राहिले. ज्या गोपालकांनी त्यांना हटवा म्हटलं होतं ते आता बंदीच्या बाजूने. सभा दिवे लागेपर्यंत चालली. शेवटी असं ठरलं की तलावाच्या अलीकडचा तुकडा दोन पावसाळे बंद, पलीकडचा उघडा, नंतर अदलाबदल. मेंढ्या उघड्या तुकड्यात आधी आणि मोठी गुरं मागून. रस्ता कायम खुला. पंचायत सचिवाने ठराव लिहून घेतला, शिक्का मारला आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला. मागणी एकच: निस्तार पत्रकातली ती ओळ बदलून ही नोंद करावी.

चौकशीसाठी राजस्व निरीक्षक येऊन गेले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की असा अर्ज त्यांनी आधी हाताळलेला नाही, नमुना कुठला लावायचा ते वर विचारावं लागेल. वकीलबाईने त्यांना कलमाची छायाप्रत दिली. अहवाल अजून व्हायचा आहे. तोवर तुकडा गावाने आपल्या आपण बंद ठेवला आहे, आणि राखणीला म्हाताऱ्याचा नातू आहे, पंचायतीच्या मजुरीवर.